वनयक्ष आणि डोंगरकर यांच्या भांडणाचं कारण

औरंगपुरा,
९ जानेवारी २०२५

सौ. करुणाताई साळवे यांस,
दत्तोपंत कन्नडकर याचा नमस्कार.

आपली सोयरीक होऊन तेरा वर्षं झाली, पण मी तुम्हाला पत्र लिहितो आहे ते हे पहिलंच. पाकीट पाहून घाबरायला नको म्हणून आधीच सांगतो, सगळे खुशाल आहेत. हे पत्र आपल्या नातीच्या हुकमावरून आहे.

नाताळच्या सुट्टीत यशोधरा आधी माझ्याकडे राहिली आणि मग तुमच्याकडे फुलंब्रीला आली. हैदराबादेहून येताना तिनं कपडे कमी आणि जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या जास्त आणल्या होत्या, हे तुम्हीही पाहिलंच असेल. त्या सगळ्यांत एल्फ आणि ड्वार्फ नावाचे लोक असतात. एल्फ उंच, देखणे, रानात राहणारे, शेकडो वर्षं जगणारे. ड्वार्फ ठेंगणे, दाढीवाले, डोंगराच्या पोटात खाणी खणणारे, धातू घडवणारे. आणि कुठलंही पुस्तक उघडा, या दोघांचं आपसांत पटत नाही. जेवताना तिनं मला विचारलं, "आजोबा, पण का पटत नाही?" मी म्हणालो, पुस्तकात दिलं असेल. तर म्हणाली, "नीट नाही दिलेलं. फार जुनं भांडण आहे म्हणतात आणि नुसते तोंड फिरवून बसतात."

मग फैसला तिनंच दिला. मी एल्फांच्या बाजूनं लिहायचं, तुम्ही ड्वार्फांच्या, आणि दोघांनी मिळून भांडणाचं कारण शोधायचं. प्रकरणं एकमेकांना टपालानंच पाठवायची, कारण त्या लोकांकडे मोबाइल नसतो. माझ्या कानांपुढे फोन तसाही निरुपयोगी आहे, तेव्हा ही अट माझ्या सोयीचीच. तुम्ही फक्त प्रत्येक प्रकरणाचा फोटो काढून तिला पाठवायचा आहे.

मराठी नावं हवीत म्हणून एल्फांना मी वनयक्ष म्हटलं आहे. ड्वार्फांना सरळ बुटके म्हणू. पहिलं प्रकरण सोबत आहे. त्यात वनयक्षांचा राजपुत्र चंद्रकेतू, त्यांची ग्रंथशाळा आणि वंशावळ आली आहे. तुम्हाला लेखनाची सवय नसेल तर संकोच करू नका, कच्चं पाठवलंत तरी मी दुरुस्त करून घेईन. कोर्टात सदतीस वर्षं हेच केलं आहे.

राजेंद्ररावांना व मातोश्रींना नमस्कार.

आपला,
दत्तोपंत

*

फुलंब्री,
२२ जानेवारी २०२५

व्याहीबुवा, जय भीम.

पाकिटावर तुमचं नाव बघून मी खरंच घाबरले. हे तर म्हणाले, "आधी बसून घे, मग फोड." फोडलं, वाचलं, आणि मग आम्ही दोघं लई हसलो.

लेखनाची सवय म्हणाल तर घाटी दवाखान्यात चौतीस वर्षं रात्रपाळीचे रिपोर्ट लिहिलेत मी. कोण किती वाजता कण्हलं आणि कुणाला काय दिलं, ते सकाळी डॉक्टरांना एका नजरेत कळायला पाहिजे असायचं. तेव्हा तुमची दुरुस्ती राहू द्या. पण तुमचं प्रकरण वाचून मला एक विचारायचंय. चंद्रकेतूच्या बाराव्या पणजोबापर्यंत वंशावळ झाली, तरी पोरगं अजून अंथरुणातून उठलं नाही. ते काही करणार आहे की नाही?

दुसरं, बुटके म्हणू नका. बुटके हे तुम्ही त्यांना म्हणता, ते स्वतःला कशाला म्हणतील? त्यांचं नाव डोंगरकर. जसे तुम्ही कन्नडकर.

माझ्या प्रकरणात गारगोटी आहे. डोंगरकरांची पोरगी, यशोएवढीच. तिला दाढी नाही, म्हणून ती चिडते. त्यांच्यात बायांनाही दाढी येते, पण उशिरा. तिची आई डोंगरात जखमी झालेल्यांच्या मलमपट्ट्या करते. ते लोक काम करताना गाणं म्हणतात आणि दुपारी भाकर, ठेचा आणि कांदा खाऊन दगडावरच आडवे होतात. आमच्या सासूबाईंना हे प्रकरण वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आन् त्या लंबूटांगांचं काय? ते काय खात्यात?" तुमच्या प्रकरणात मला ते कुठं सापडलं नाही. ग्रंथशाळेत बसून उपाशीच आहेत का ते?

यशोचा निरोप आहे : "आजोबांना सांग, वंशावळ बास."

तब्येतीला जपा. एकटे राहता, संध्याकाळचं जेवण टाळत जाऊ नका.

करुणा

*

औरंगपुरा,
३ फेब्रुवारी २०२५

करुणाताई,

वंशावळीवरची हरकत मंजूर. चंद्रकेतू उठला आहे. वनयक्ष मध, फळं आणि साबुदाण्याची खिचडी खातात, असं मातोश्रींना कळवावं.

तुमची गारगोटी मला आवडली, हे कबूल करतो. दाढीसाठी रुसलेल्या मुलीचं वाचताना मी एकटाच मोठ्यानं हसलो. शैला गेल्यापासून या घरात कुणी मोठ्यानं हसलेलं मला आठवत नाही. खाली चहाच्या टपरीवाल्या बन्सीनं वर येऊन "काका, बरं आहे ना?" म्हणून विचारलं.

आता मुख्य मुद्दा. भांडणाचं कारण मला सापडलं आहे आणि ते दुसऱ्या प्रकरणात मांडलं आहे. रानाच्या वरच्या अंगाला वनयक्षांचा एक पवित्र झरा आहे. डोंगरकरांचे हात कामामुळे कोळशानं, धातूच्या भुकटीनं माखलेले असतात. म्हणून वनयक्षांच्या वडीलधाऱ्यांनी फार पूर्वी असं ठरवून दिलं, की डोंगरकरांनी झऱ्यावर न येता खालच्या अंगाला ओढ्यातून पाणी घ्यावं. पाणी तेच, फक्त जागा निराळी. डोंगरकरांनी मात्र तो अपमान समजला आणि ते रागानं डोंगरात निघून गेले. वनयक्षांचा हेतू वाईट नव्हता. झरा निर्मळ राहावा, एवढंच त्यांना हवं होतं.

कारण साधं आहे आणि दोन्ही बाजूंना न्याय देणारं आहे असं वाटतं. यशोला आवडेल.

चंद्रकेतू आता झऱ्याकाठी उभा आहे. तुमच्या गारगोटीला पाठवा.

दत्तोपंत

*

फुलंब्री,
१२ फेब्रुवारी २०२५

व्याहीबुवा,

प्रकरण मिळालं. यांनी वाचलं, घडी घालून टेबलावर ठेवलं आणि शेतात निघून गेले. मी यशोला फोटो पाठवलेला नाही.

माझ्या माहेरी नदीला दोन पाणवठे होते. आमचा खालचा. माझी आई घागर राखेनं घासून अशी लख्ख करायची की तीत तोंड दिसायचं. तरी आमचा पाणवठा खालचाच. तिला कुणी हात बघायला मागितले नाहीत. पुढं मी नर्स झाले, दर पेशंटमागं साबण लावून हात धुतले. माझ्याइतके हात तुमच्या अख्ख्या औरंगपुऱ्यात कुणी धुतले नसतील.

तुम्ही मुद्दाम लिहिलं नाही, हे मला कळतं. मुद्दाम लिहिलं असतं तर मी भांडले असते. सहज लिहून गेलात, म्हणून जास्त लागलं.

यशोला काय सांगू? ती तुमचीही नात आहे आणि त्या खालच्या पाणवठ्यावरची पण. तिच्या गोष्टीत ते असंच, "हेतू वाईट नव्हता" म्हणून मला नको आहे. तुम्ही दुसरं काही लिहा, नाहीतर हेच नीट लिहा. तोवर गारगोटी झऱ्यावर येणार नाही.

करुणा

*

औरंगपुरा,
२० फेब्रुवारी २०२५

करुणाताई,

आपलं पत्र वाचून खेद वाटला. मी एक परीकथा लिहिली. त्यात जे नाही ते आपण शोधून काढलंत. असे प्रसंग यशोच्या त्या इंग्रजी पुस्तकांतही आहेत. तिथं एल्फ ड्वार्फांना दारात उभं करत नाहीत, डोळ्यांना पट्टी बांधून रानातून नेतात, आणि जगभरची मुलं ते आनंदानं वाचतात. तिथं कुणी कुणाचे पाणवठे मोजत नाही.

मी माणसामाणसांत भेद करत नाही. माझ्या मृण्मयीच्या लग्नाला आलो नाही हे खरं, पण त्याची कारणं वेगळी होती. पुढे मी तुमच्या अभयला मुलासारखं मानलं. इतकं करूनही माझ्या साध्या वाक्याचा असा अर्थ लागत असेल, तर हा उद्योग आपण इथेच थांबवलेला बरा. यशोला मी काहीतरी कारण सांगेन.

उत्तराची अपेक्षा नाही.

दत्तोपंत

ता. क. : अक्षर वाकडंतिकडं आलं आहे, ते रागानं नव्हे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे. सहा मार्चला शस्त्रक्रिया ठरली आहे. चिरंजीव शंतनूला पुण्याहून यायला रजा मिळत नाही. मृण्मयीला कळवू नये, यशोची परीक्षा आहे. बन्सी डोळ्यात थेंब घालीन म्हणाला आहे.

*

फुलंब्री,
१८ मार्च २०२५

लाडके यशो,

तुझी परीक्षा संपली, म्हणून आता सगळं लिहिते. तुझ्या आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. मी आठवडाभर औरंगपुऱ्याला त्यांच्याकडंच होते. तुझ्या आईला आधी सांगितलं नाही, त्याबद्दल ती मला बोलली, आणि बरोबरच बोलली.

झालं असं, की त्यांच्या पत्रात खाली एक ओळ होती, चहावाला डोळ्यात थेंब घालणार म्हणून. ती वाचून मी यांना म्हणाले, "चहावाला डोळ्यात थेंब घालणार! बटाटेवड्याच्या हातानं!" हे म्हणाले, "तुमचं भांडण चालू आहे ना?" मी म्हणाले, "भांडण पत्रातलं आहे. डोळा खरा आहे." आणि पिशवी भरून बसमध्ये बसले.

आजोबांनी दार उघडलं, डोळ्यावर हिरवी पट्टी. मला बघून म्हणाले, "तुम्ही?" मी म्हणाले, "आधी बसा, मान वर करा." त्यांना काही ऐकू गेलं नाही. कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून ते काढून ठेवतात. मग मी ओरडले, "मान वर करा!" तेव्हा कुठं केली.

दोन दिवस आम्ही गोष्टीचं नावही काढलं नाही. मी थेंब घालायची, पिठलं करायची, ते गपचूप जेवायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना करमेना. डॉक्टरांनी वाचायला मना केलेलं, आणि न वाचता तुझे आजोबा म्हणजे तुला माहीतच आहे. म्हणाले, "ते आपलं गोष्टीचं बाड कपाटात आहे. वाचून दाखवता का?"

मी वाचायला लागले. म्हणजे ओरडायला लागले. खिडकी उघडी, खाली दुकानं, स्कूटरी, आणि मी वरून ओरडतेय, "चंद्रकेतू म्हणाला!" खालून बन्सी ओरडला, "काय म्हणाला, ताई?" गारगोटीच्या दाढीचं वाचलं तेव्हा खालचं गिऱ्हाईक सुद्धा हसलं.

मग आजोबांचं दुसरं प्रकरण आलं, झऱ्याचं. ते तू अजून वाचलेलं नाहीस. त्यात एक जागा आहे, जिथं डोंगरकरांना सांगतात की तुमचे हात मळलेले, तुम्ही खालून पाणी घ्या. तिथं माझा आवाज बसला. रोज ओरडून घसा गेला असेल, असं मी मनाला सांगितलं.

आजोबा म्हणाले, "ऐकू आलं नाही."

मी पुन्हा वाचलं.

"अजून मोठ्यानं."

मी उभी राहिले आणि ते वाक्य सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं. "तुम्ही खालून पाणी घ्या!" आजोबा माझ्याकडं बघत होते. एक डोळा झाकलेला, एकच उघडा. म्हणाले, "लिहिलं तेव्हा हे असं ऐकू आलं नव्हतं."

मी म्हणाले, "व्हय. मला पहिल्या वाचनातच आलं होतं."

मग ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी आत जाऊन चहा ठेवला. त्या दिवशी आम्ही पुढं वाचलं नाही. निघताना ते बसस्टँडवर सोडायला येतो म्हणत होते, पट्टी बांधलेल्या डोळ्यानं. मी येऊ दिलं नाही.

आता गोष्टीचं पुढं काय, ते मला ठाऊक नाही. तू आजोबांना घाई करू नको. त्यांना डोळा जपायचाय आणि बाकीचंही बरंच जपायचंय.

पणजीआजी विचारतेय, तुझे ते एल्फ अजून साबुदाण्यावरच आहेत का.

तुझी,
करुणाआजी

*

औरंगपुरा,
१० एप्रिल २०२५

विहीणबाई,

डॉक्टरांनी लिहायवाचायची परवानगी दिली, आणि पहिलं पत्र तुम्हालाच. डाव्या डोळ्यानं आता समोरच्या दुकानाच्या पाटीवरच्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा दिसतात. घरातली जळमटंही दिसली. इतके दिवस ती नव्हतीच, अशी माझी समजूत होती.

तुम्ही गेल्यावर बन्सी दोनदा वर येऊन विचारून गेला, "ताई पुढचं कधी वाचणार?" मी त्याला ओशाळून सांगितलं, पुढचं अजून लिहायचं आहे.

मी वीस फेब्रुवारीला जे पत्र लिहिलं ते परत घेतो. कोर्टात एकदा दाखल झालेला कागद परत घेता येत नाही, पण आपण कोर्टात नाही. तुम्ही त्या पत्राला उत्तर न देता सरळ माझ्या दारात आलात. मला वाटत होतं, तुम्ही कायमच्या रागावलात, आणि मी तुमच्यावर रागावून बसलो होतो.

प्रकरण नव्यानं लिहिलं आहे, सोबत आहे. आता त्यात "हेतू वाईट नव्हता" हे कुठेही नाही. वनयक्षांनी अन्याय केला असं स्वच्छ लिहिलं आहे. चंद्रकेतूला जुन्या ग्रंथात ते सापडतं, तो वडिलांशी भांडतो, आणि शेवटी वनयक्षांचा राजा सगळ्यांसमोर जाहीर करतो, की जुनं सारं विसरून आम्ही डोंगरकरांना जवळ करतो, आणि आजपासून झरा त्यांना खुला करून देतो. कर्णे वाजतात. डोंगरकरांच्या डोळ्यांत पाणी येतं.

हे लिहिताना माझ्याही डोळ्यांत आलं. ऑपरेशनमुळे असेल.

तुमच्या अभिप्रायाची वाट पाहतो.

दत्तोपंत

*

फुलंब्री,
१९ एप्रिल २०२५

व्याहीबुवा, जय भीम.

जयंतीच्या धावपळीत उत्तराला उशीर झाला. मिरवणुकीत आमच्या सासूबाई अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी ट्रॅक्टरमध्ये बसून फिरल्या, आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या की कंबर तुझ्यामुळं दुखतेय.

प्रकरण चांगलं झालंय. चंद्रकेतू वडिलांशी भांडतो ते तर मी यांना दोनदा वाचून दाखवलं. यांनी या वेळी घडी घातली नाही, उघडंच ठेवलं. तेव्हा पुढं जे लिहितेय ते रागानं नाही.

राजानं झरा खुला करून दिला. पण झरा त्याचा होता का? पाणी डोंगरातून येतं. डोंगरात कोण राहतं?

आणि कर्णे कुणासाठी वाजले? मला वाटलं राजासाठीच. तीनशे वर्षं दार लावून बसले, आणि उघडलं त्या दिवशी मिरवणूकही त्यांचीच. डोंगरकरांनी नुसतं रडायचं. माझी गारगोटी रडणार नाही, सांगून ठेवते. तुम्हाला काय वाटलं, इतकी वर्षं ते तहानलेले बसलेत? त्यांनी आपल्या विहिरी कधीच खणल्या. शाळा काढल्या. गारगोटीची मावशी तर डोंगराच्या पलीकडं डॉक्टर आहे. त्यांना पाणी नको आहे हो, व्याहीबुवा.

मग काय हवं आहे, असं तुम्ही म्हणाल. सगळ्या प्रकरणात राजा बोलला, मंत्री बोलला, चंद्रकेतू बोलला. पण डोंगरकरांना एकानंही विचारलं नाही, तुम्हाला काय हवं. तेवढं विचारा. मग गारगोटी उत्तर देईल.

हे वाचून पुन्हा पत्रं थांबवू नका. थांबवलीत तर मी येऊन ओरडेन, आणि आता तुमचा डोळाही बरा आहे.

करुणा

*

औरंगपुरा,
२७ एप्रिल २०२५

विहीणबाई,

चार दिवस लिहीत होतो आणि फाडत होतो. राजा काढून टाकला. कर्णे काढून टाकले. उरलं ते इतकंच आहे :

चंद्रकेतू एकटाच डोंगराखाली गेला. तिथं गारगोटी दगडावर बसली होती. त्यानं तिला विचारलं, "तुम्हाला काय हवं आहे?"

तिसरं प्रकरण एवढंच.

दत्तोपंत

*

फुलंब्री,
४ मे २०२५

व्याहीबुवा,

गारगोटी म्हणते, "तू आमच्या घरी कधी आलाच नाहीस. ये की."

चौथं प्रकरणही एवढंच. यशोला झऱ्याच्या नव्या प्रकरणासोबत ही दोन्ही पाठवली. तिनं उलट निरोप दिला, "आजी, हे सगळ्यात भारी आहेत."

आता हे मी माझ्या तोंडानं लिहिते. बारा तारखेला बुद्धपौर्णिमा आहे. घरात खीर होते. यशो, अभय, मृण्मयी आदल्या दिवशी येतायत. शैलाताई असताना दोनदा आल्या होत्या, लिंबाखाली बसून आमच्या सासूबाईंशी तासन्‌तास बोलल्या होत्या. तुमचं येणं झालं नाही. मी कधी बोलावलं नाही असं नाही, पण बोलावून नकार ऐकायची माझी तयारी संपली होती. आज पुन्हा बोलावते.

सकाळची बस बरी पडते, ऊन व्हायच्या आत. कानातलं मशीन घालून या, शिट्टी मारली तरी चालेल. आमच्याकडं सगळे एकदम बोलतात.

करुणा

*

हैदराबाद,
१५ जून २०२५

डिअर आजोबा आणि डिअर करुणाआजी,

दोघांना एकच पत्र लिहितेय, आई त्याची झेरॉक्स काढणार आहे. मराठी चुकलं तर आजोबांनी लाल पेन घेऊ नये.

मला फुलंब्रीचा तो दिवस लिहून ठेवायचा होता, कारण बाबा म्हणतात मी विसरेन. मी नाही विसरणार. आजोबा बसमधून उतरले तेव्हा त्यांच्या हातात आंब्याची पेटी होती आणि शर्टाला इस्त्री होती आणि ते खूप सिरियस दिसत होते, जसं माझं मॅथ्सच्या पेपरला होतं. आम्ही चालत घरी गेलो. ते फाटकापाशी थांबले. आत येईनात. मला वाटलं पाय दुखतायत. आईला काय वाटलं माहीत नाही, पण तिनं माझा हात एकदम घट्ट धरला.

पणजीआजी लिंबाखाली बाजेवर बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि विचारलं, "कोण? मृण्मयीचा बाप व्हय?"

करुणाआजी म्हणाली, "व्हय, आत्या."

पणजीआजी म्हणाली, "मग येवढा उशीर का लागला? यष्टी बंद पडली व्हती का?"

आजोबांना ऐकू आलं नाही असं मला वाटलं, म्हणून मी ओरडून सांगणार होते. पण मशीन कानात होतं. आजोबा म्हणाले, "हो, आजी. लई वर्षं बंद होती." आणि मग चप्पल काढून आत आले.

बाबा रडले. ते म्हणतात नाही रडलो, पण रडले. राजेंद्रआजोबांनी आजोबांना पाण्याचा तांब्या दिला आणि दोघं खूप वेळ लिंबाच्या झाडाला कीड लागलीय का, याच्यावरच बोलत बसले. मला खूप बोअर झालं. आजोबांनी तीन वाट्या खीर खाल्ली आणि रात्री अंगणात झोपले आणि घोरले.

आता एक सॉरी सांगायचंय. शाळा सुरू झाली आणि मी फुटबॉलच्या टीममध्ये आलेय, गोलकीपर. आणि माझी फ्रेंड मला डिटेक्टिव्हची पुस्तकं देते. एल्फ आणि ड्वार्फ आता मला थोडे लहान मुलांचे वाटतात. गोष्ट खूप छान झाली. भांडणाचं कारण पण कळलं आणि मिटलं पण. म्हणून तुम्ही आता नाही लिहिलं तरी चालेल. थँक्यू आणि खूप खूप प्रेम.

यशो

*

औरंगपुरा,
२४ जून २०२५

विहीणबाई,

यशोचं पत्र मिळालं असेल. आपण दोघंही एकाच दिवशी सेवानिवृत्त झालो. माझ्या पहिल्या निवृत्तीच्या वेळी निदान नारळ आणि शाल मिळाली होती.

गोलकीपर झाली ते उत्तम झालं. मुलांनी पुढे जावं. मी शांतपणे बाड बांधून ठेवलं, कपाट लावून घेतलं आणि वर्तमानपत्र वाचायला बसलो. दोन दिवस तसे बरे गेले. तिसऱ्या दिवशी बन्सी चहा घेऊन वर आला आणि विचारू लागला, तो उंच पोरगा त्या पोरीच्या घरी गेला, त्याला पुढे काय दिसलं? मी म्हणालो, गोष्ट संपली. तो म्हणाला, "काका, अशी कशी संपली? आत्ता तर आत गेला." आणि कप न घेताच निघून गेला.

त्याचं म्हणणं मला पटलं. भांडण मिटलं असं यशो म्हणते. ती अकरा वर्षांची आहे, तिला तसं वाटणं बरोबरच आहे. पण चंद्रकेतू एकदा जेवून आला म्हणून तीनशे वर्षांचं सगळं त्याला समजलं, असं मला लिहिता येत नाही. डोंगरकरांच्या घरात काय बोलतात, कशावर हसतात, कुणाच्या आठवणीनं गप्प होतात, यातलं मला काहीच ठाऊक नाही. फुलंब्रीला रात्री अंगणात राजेंद्रराव आपल्या वडिलांविषयी सांगत होते. निम्मं मला ऐकू आलं नाही, आणि पुन्हा सांगा म्हणायचा धीर झाला नाही. ते तुम्ही लिहून पाठवाल का? गोष्टीत घाला किंवा नुसतंच लिहा.

चंद्रकेतूच्या घरीही सगळं सुरळीत नाही. तो परत आल्यावर त्याचे वडील त्याच्याशी कसे वागले, ते मी लिहायला घेतलं आहे. जमत नाही, कारण त्या म्हाताऱ्याची बाजू मला फार चांगली माहीत आहे. पहिली चार पानं सोबत आहेत. जिथं मी त्याला सूट देतो आहे असं वाटेल, तिथं समासात खूण करा. आता माझ्याकडून दुरुस्तीची भाषा निघणार नाही.

हे सगळं कुणासाठी, असं तुम्ही विचाराल. यशोला नको आहे. तिला आता गोल अडवायचे आहेत.

मला हवं आहे. तुमचं पत्र येतं त्या दिवशी मी दुपारी झोपत नाही.

तुमचा व्याही,
दत्तोपंत